पाहुणा गायक: रॉबर्ट प्लांटकडून काय घ्यावं, काय घेऊ नये

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका रॉक बँडच्या गायकाला लोकगीतं नव्या बाजात गाणाऱ्या एका गायिकेनं आपल्या गाण्यात पाहुणा म्हणून बोलावलंय. बँडमधले बाकीचे सांगतायत, ‘रॉबर्ट प्लांटनं केलं तसं कर.’ गायक विचारतो: लेड झेपेलिनच्या बाहेर प्लांटनं इतरांबरोबर जे काही केलं, त्यातलं मी नेमकं काय ऐकू? आणि त्याला ते जमलं कसं?

मी स्टुडिओत आवाज रेकॉर्ड करतो, कोरस आणि हार्मनी बसवतो, त्यामुळे उत्तर त्या खुर्चीतून देतो. आधी एक गोष्ट सांगून टाकतो. प्लांटला ते लगेच जमलं नाही. १९६८ पासून तो जगातल्या सगळ्यात मोठ्या रॉक बँडचा गायक होता, पण दुसऱ्याच्या सुराशेजारी आपला सूर नेमका ठेवायला तो साठीला टेकल्यावर शिकला. मधल्या काळात त्यानं बरंच काही केलं, काही छान, काही फसलेलं. तुमचे मित्र ज्याला ‘प्लांटनं केलं तसं’ म्हणतात ते बहुधा अ‍ॅलिसन क्राउस या अमेरिकन गायिकेबरोबरचं काम असावं. तिथवर तो कसा पोचला हे कळलं तर तुमचा बराच वेळ वाचेल.

सुरुवात उलट्या टोकानं करा, म्हणजे प्लांट यजमान आणि पाहुणी दुसरीच. लेड झेपेलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बमवर ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’ आहे. हेडली ग्रेंजच्या जुन्या घरात बँडचा गिटारवादक जिमी पेजनं बेसवादक जॉन पॉल जोन्सचं मँडोलिन उचललं आणि त्यातून ही चाल निघाली. लढाईची गोष्ट सांगणारा एक आवाज प्लांटचा होता. गोष्टीत सांगणारा आणि लोकांना साद घालणारा असे दोघं हवेत असं लक्षात आल्यावर त्यांनी फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश लोक-रॉक बँडमधून बाहेर पडलेल्या सँडी डेनीला बोलावलं. लेड झेपेलिनच्या स्टुडिओ अल्बमांवर बाहेरून येऊन गाणारी ती एकमेव गायिका. त्या अल्बमवर चौघांनी नावांऐवजी चिन्हं छापली होती. डेनीलाही तिचं स्वतःचं चिन्ह मिळालं, तीन त्रिकोणांचं. पाहुण्याचा मान कसा राखावा याचं हे उदाहरण मी नेहमी देतो.

हे गाणं हेडफोन लावून ऐका आणि डेनी केव्हा गप्प आहे तेवढंच बघा. ती प्लांटच्या ओळीवर ओळ चढवत नाही. तो सांगतो, ती उत्तर देते. दोघांचे आवाज एकमेकांत मिसळतात ते फार थोड्या जागी, आणि म्हणून त्या जागा अंगावर येतात. प्लांटचा आवाज तेव्हा ऐन भरात, वर चढला की काच तडकेल असा. तरी डेनी त्याला ओरडून हरवायला जात नाही. तिच्याकडे लोकगायिकेचा सरळ, न थरथरणारा सूर आहे, तेवढ्यावर ती टिकते. पुढे १९७७ च्या दौऱ्यात हे गाणं घेतलं तेव्हा तिच्या ओळी जॉन पॉल जोन्सला गाव्या लागल्या. सूर बरोबर असतीलही, पण गाण्यातलं दुसरं माणूस नाहीसं झालं. पाहुण्याची जागा खरी होती की सजावटीची, हे तो नसताना कळतं.

आता मुंबई. हा भाग आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नसतो, म्हणून जरा रेंगाळतो.

१९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि इथल्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपलीच दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’. सतार, सारंगी, तबला अशी मंडळी समोर. त्याच वर्षी हे दोघं कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोत जाऊन स्थानिक वादकांबरोबर वाजवून-गाऊनही आले. मुंबईच्या जुन्या रॉकवाल्यांच्या गप्पांत तो किस्सा अजून निघतो. स्टुडिओतली ध्वनिमुद्रणं मात्र चोरट्या टेपांवरून फिरत राहिली आणि अधिकृतपणे बाहेर आली ती २०१५ मध्ये, ‘कोडा’ अल्बमच्या वाढीव आवृत्तीत, ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ या नावाखाली. त्रेचाळीस वर्षं.

दोन्ही गाणी लागोपाठ ऐकलीत तर फरक लगेच कळतो. ‘फ्रेंड्स’ आपल्या वादकांच्या हातात अलगद बसलंय. कारण सरळ आहे: त्या गाण्यात गिटारच्या तारा एका षड्जाभोवती उतरवून जुळवलेल्या आहेत, खालचा सूर तानपुऱ्यासारखा घुमत राहतो आणि चाल त्याच्याभोवती फिरते. सारंगीवाल्याला सांगायचं काय उरतं? ‘फोर स्टिक्स’ची गोष्ट वेगळी. बँडचा ड्रमर जॉन बॉनमनं ते मूळ गाणं दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवलं, नाव तिथून आलं. त्यात पाच मात्रांचे तुकडे येतात, मग सहाचे. आपल्या तबलजीला पाच-सहाची भीती नसते, झपताल-दादरा त्याच्या बोटांत असतो. त्याला हवी असते सम. हा तुकडा किती वेळा येणार, कुठे मोडणार, परत कुठे भेटायचं, हे आधी ठरलेलं हवं. रॉकवाले ते रिफच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्याच्या, अंगानं मोजतात, आपले वादक आवर्तनानं. थोड्या वेळाच्या बैठकीत हे जुळवणं अवघडच, आणि ध्वनिमुद्रणात ते चाचपडणं ऐकू येतं.

यात वादक कमी पडले असं मला अजिबात वाटत नाही. पाहुणे कोण आणि यजमान कोण हेच तिथं ठरलेलं नव्हतं. गाव आपलं, वादक आपले, पण गाणं त्यांचं आणि मोजणी त्यांची. तुमच्या बाबतीत हा प्रश्न पहिल्याच दिवशी येणार आहे. गायिकेचा ढोलकीवाला ठेका धरून असेल, तुमच्या कानात क्लिक, म्हणजे यंत्राची टिकटिक, असेल. क्लिक लावायचं की ढोलकीच्या मागे जायचं, हे तुम्ही ठरवू नका. जिचं गाणं, तिची मोजणी. तिच्या ढोलकीवाल्याला भेटून मुखड्याची सम कुठे पडते हे हातावर ताल देऊन समजून घ्या, आणि त्यानंतरच शब्द पाठ करायला लागा.

१९८० मध्ये बॉनम गेला, लेड झेपेलिन थांबलं. त्याच्या आधीच, १९७९ च्या डिसेंबरात, कंपुचियाच्या (आजच्या कंबोडियाच्या) मदतीसाठी लंडनला झालेल्या मैफलींत प्लांट रॉकपाइल बँडबरोबर एल्व्हिसचं ‘लिटल सिस्टर’ गाऊन गेला होता. एकटा पडल्यावर त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल, तर हनीड्रिपर्स या नावानं छोट्या जागांमध्ये जुनी रिदम अँड ब्लूज गाणी गायली. १९८४ मध्ये त्याच नावाखाली जेफ बेक, जिमी पेज, नाइल रॉजर्स अशी मंडळी घेऊन एक छोटी रेकॉर्ड आली. निर्माता अ‍ॅटलांटिक या रेकॉर्ड कंपनीचा अहमत एर्टेगन, आडनाव उलटं लिहून ‘नुगेत्रे’ झालेला. त्यातलं ‘सी ऑफ लव्ह’ अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. किंचाळणारा रॉक गायक इतकं मऊ गातो हे लोकांना आवडलं. मला ती रेकॉर्ड गोड वाटते, पण सहयोग म्हणून शिकण्यासारखं तिच्यात फारसं नाही. प्लांट मध्यभागी आणि बाकी सगळे त्याच्या भोवती, अशीच ती मांडणी आहे.

फिल कॉलिन्सची गोष्ट जास्त उपयोगाची. १९८२ च्या ‘पिक्चर्स अ‍ॅट इलेव्हन’ या प्लांटच्या पहिल्या एकल अल्बमवर आठपैकी सहा गाण्यांत ड्रम्स कॉलिन्सचे आहेत. पुढच्या अल्बमवरही तो आहे, आणि १९८३ च्या अमेरिकेच्या दौऱ्यात तो प्लांटच्या मागे बसून वाजवत होता. तेव्हा तो स्वतः मोठा स्टार होता, तरी मागे बसला. सगळं सुरळीत झालं. मग १९८५ चा लाइव्ह एड, दुष्काळग्रस्तांसाठी लंडन आणि फिलाडेल्फियात एकाच दिवशी झालेली मैफल. लंडनला गाऊन कॉलिन्स कॉनकॉर्ड विमानानं फिलाडेल्फियाला आला आणि लेड झेपेलिनच्या उरलेल्या तिघांबरोबर, टोनी थॉम्पसन या दुसऱ्या ड्रमरच्या शेजारी बसून, जवळपास तालमीविना वाजवलं. ते इतकं बिघडलं की पुढे लाइव्ह एडच्या अधिकृत डीव्हीडीत तो भाग घालायला बँडनं नकार दिला. गायक तोच, ड्रमर तोच. म्हणजे ‘आमचं ट्यूनिंग आहे हो’ या वाक्यावर तालीम टाळायची नसते. स्टुडिओत हे वाक्य मी सतत ऐकतो आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा येतो.

दुसरं फसलेलं उदाहरण १९९२ चं, वेंब्लीवरची क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीच्या स्मरणार्थ झालेली मैफल. प्लांटनं क्वीनबरोबर ‘इन्युएन्डो’ गायलं, मध्ये लेड झेपेलिनच्या ‘काश्मीर’च्या ओळी मिसळल्या. गाण्याची निवड कागदावर अगदी चोख, कारण त्या गाण्याच्या अंगात ‘काश्मीर’ची छाया आहेच. पण ते फ्रेडीच्या गळ्यासाठी बांधलेलं होतं, आणि दुसऱ्याच्या गळ्याचं गाणं घालून मिरवता येत नाही. पुढे निघालेल्या अधिकृत व्हिडिओत ते नाही. त्याच मैफलीत प्लांटनं ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ गायलं, ते मात्र मजेत गेलं. रॉकअँडरोलची ती साधी चाल त्याच्या लहानपणापासून ओठांवर होती. कुठल्या गाण्यात पाहुणा व्हायचं नाही, हे ठरवता येणं हाही कामाचाच भाग आहे. तुम्हाला त्या गायिकेनं गाणं निवडायला दोन-तीन पर्याय दिले असतील, तर ज्याची चाल तुम्ही विचार न करता गुणगुणताय ते घ्या. भारी वाटणारं घेऊ नका.

१९९४ मध्ये पेज आणि प्लांट परत एकत्र आले, एमटीव्हीच्या कार्यक्रमासाठी. त्यातून ‘नो क्वार्टर’ हा अल्बम निघाला. इथं मुंबईतला धडा पचलेला दिसतो. मोरोक्कोत जाऊन ग्नावा या तिथल्या पारंपरिक संगीताच्या वादकांबरोबर ते त्यांच्या गावात, त्यांच्या पद्धतीनं वाजवून आले. लंडनच्या ध्वनिमुद्रणात इजिप्शियन वादकांचा ताफा होता आणि त्याचं नेतृत्व होसाम रम्झी या तालवादकाकडे दिलेलं होतं. हा दुवा महत्त्वाचा. ‘काश्मीर’मध्ये ड्रम्स चारच्या हिशेबात चालतात आणि वरची रिफ तीनच्या, बारावर दोघांची गाठ पडते. ज्याला दोन्हीकडचं कळतं असा एक माणूस मध्ये असला की सगळा ताफा त्याच्या भरवशावर मोकळा वाजवतो. तुमच्या गाण्यातही असा एक माणूस ठरवा. तो अरेंजर असेल, रेकॉर्डिस्ट असेल, कधी कधी हार्मोनियमवाला असतो.

त्याच अल्बमात ‘एव्हरमोर’ पुन्हा आहे आणि डेनीच्या जागी नजमा अख्तर आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेली, भारतीय आईबापांची मुलगी, गझल गाणारी. डेनीच्या ओळी ती डेनीसारख्या म्हणत नाही. सूर लावून त्यावरून घसरते, हरकत घेते, शब्द संपला तरी स्वर चालू ठेवते. आणि प्लांट? तो चक्क थांबतो. तेवीस वर्षांपूर्वीच्या गाण्यापेक्षा इथं तो कमी गातो, असं मला दर वेळी वाटतं. जिच्याकडे मुरकी आहे तिच्यासमोर आपणही मुरकी घेऊन दाखवावी हा मोह आपल्या रॉक गायकांना फार होतो, विशेषतः ज्यांनी लहानपणी दोन परीक्षा दिल्यात त्यांना. घेऊ नका. १९९५ च्या ‘डेड मॅन वॉकिंग’ या सिनेमासाठी पर्ल जॅमचा एडी व्हेडर नुसरत फतेह अली खानांबरोबर गायला, तेही ऐका. नुसरत वर कुठल्या कुठे जातात आणि व्हेडर खाली आपल्या जाड, सपाट आवाजात बसून राहतो. नुसरतांची नक्कल करायचा प्रयत्न त्यानं एका क्षणीही केलेला नाही. म्हणूनच तो त्यांच्याशेजारी हास्यास्पद वाटत नाही.

पुढचा टप्पा वाळवंटाचा. गिटारवादक जस्टिन अ‍ॅडम्स हा तिनारिवेन या सहारातल्या तुआरेग लोकांच्या बँडच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय अल्बमच्या निर्मितीत होता. तो प्लांटच्या बँडमध्ये आला आणि २००३ च्या जानेवारीत दोघं मालीमध्ये टिंबक्टूजवळ एस्साकानेच्या ‘फेस्टिव्हल इन द डेझर्ट’मध्ये गायले-वाजवले. त्याआधी २००१ मध्ये आफ्रो केल्ट साउंड सिस्टमच्या तिसऱ्या अल्बमवर वेल्श गायिका ज्युली मर्फीबरोबर प्लांट ‘लाइफ बिगिन अगेन’ गायला. २००२ मध्ये प्रायमल स्क्रीमच्या अल्बमवर तो आहे, पण गायक म्हणून नव्हे. तिथं त्यानं फक्त हार्मोनिका वाजवली. एवढा मोठा गायक दुसऱ्याच्या रेकॉर्डवर जाऊन तोंड उघडत नाही, तोंडानं वाजवतो, हे मला फार आवडतं. नंतर गांबियाचा जुल्देह कमारा एकतारी सारंगीसारखं रिती हे वाद्य घेऊन त्याच्या बँडमध्ये आला, आणि २०१४ च्या अल्बमात त्या वाद्याची रेघ प्लांटच्या आवाजाच्या अगदी शेजारून जाते. तोवर प्लांटचा आवाज खाली उतरलेला, कुजबुजीजवळ आलेला होता. वयानं उतरला हे खरंच, पण त्यानं ते लपवलं नाही, वापरलं.

आणि आता क्राउस.

२००४ मध्ये क्लीव्हलंडला लेड बेली या जुन्या ब्लूज-लोकगायकाच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात प्लांट आणि अ‍ॅलिसन क्राउस पहिल्यांदा एकत्र गायले. ती ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीतातली, फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवणारी, त्याच्याहून तेवीस वर्षांनी लहान. २००७ मध्ये टी बोन बर्नेटच्या निर्मितीत त्यांचा ‘रेझिंग सँड’ आला. २००९ च्या ग्रॅमीत त्याला ‘अल्बम ऑफ द इयर’सह पाच पुरस्कार मिळाले. मध्ये, २००७ च्या डिसेंबरात, लंडनच्या ओटू अरीनात लेड झेपेलिन एका रात्रीपुरतं परत उभं राहिलं, तिकिटांसाठी लाखो लोकांनी अर्ज केले, जगानं दौऱ्याची वाट बघितली. प्लांट क्राउसबरोबरच्या दौऱ्यावर निघून गेला. लोक अजून चिडतात त्याच्यावर. मला त्याचा निर्णय तेव्हाही पटला होता, आजही पटतो.

त्यानं मुलाखतींत मोकळेपणानं सांगितलंय की तोवर त्याला हार्मनी गायची सवयच नव्हती. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण विचार करा. लेड झेपेलिनमध्ये तो एकटा गायक. स्टेजवर रोज वेगळं गायचा, ओळ ताणायचा, अर्धी सोडायचा, गिटारशी सवाल-जवाब करायचा. बँड त्याच्या मागे जायचा. ब्लूग्रासमध्ये असं चालत नाही. तिथं दोघं-तिघं एका माइकभोवती उभे राहून गातात, मुख्य चालीच्या वर कोण, खाली कोण हे ठरलेलं असतं, आणि प्रत्येक वेळी तीच ओळ तशीच यावी लागते, श्वाससुद्धा एकाच जागी. एकानं हौसेनं हरकत घेतली की दुसऱ्याचा सूर उघडा पडतो. गोव्याचा मांडो दोन आवाजांत ऐकला असेल तर मी काय म्हणतो ते लगेच लक्षात येईल. वरचा आवाज कितीही भावुक झाला तरी खालच्याला जागा सोडता येत नाही. आपल्याकडच्या संगीतशिक्षणात ही शिस्त शिकवलीच जात नाही, कारण आपल्याला तिची गरज पडत नाही. आपण एकटे गातो, साथीला हार्मोनियम मागून येते.

‘प्लीज रीड द लेटर’ हे गाणं जवळून बघा. मूळ गाणं पेज-प्लांटच्या १९९८ च्या ‘वॉकिंग इंटू क्लार्क्सडेल’ अल्बमवरचं, चौघांनी मिळून लिहिलेलं. तिथं प्लांट एकटा, गिटारा दाट, चाल पुढे रेटलेली. तो तक्रार करतोय असं वाटतं. २००७ च्या रूपात वेग उतरवलाय, ड्रम्स दुरून, जे बेलेरोजच्या हातचे, खोलीचा आवाज धरलेले. प्लांटची चाल जवळजवळ तीच, पण त्यानं कडा काढून टाकल्यात. ओळीच्या शेवटी पूर्वी तो जिथं सूर ताणायचा तिथं आता क्राउसचा सूर वरून येऊन टेकतो, म्हणजे त्याला तिथं थांबणं भागच आहे. शब्दांच्या शेवटची व्यंजनं ऐका. दोघांचं ‘र’ आणि ‘ट’ एकाच क्षणी मिटतं. हे आपोआप होत नाही. समोरासमोर बसून, एकमेकांच्या ओठांकडे बघत, पुन्हा पुन्हा गाऊन होतं. याच गाण्याला ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ मिळालं. बाकीच्या अल्बमभर बर्नेटनं आणखी एक शहाणपणा दाखवलाय: प्रत्येक गाण्यात दोघांना गायला लावलेलं नाही. ‘नथिन’मध्ये प्लांट गातो आणि क्राउस फिडल वाजवते. काही गाण्यांत ती मुख्य आणि तो जेमतेम आहे.

आणि हेही सांगितलं पाहिजे, की तोच जोड परत लगेच जमला नाही. यशानंतर त्यांनी डॅनिएल लॅन्वा या नामांकित निर्मात्याबरोबर पुढच्या अल्बमचा प्रयत्न केला, मनासारखं होईना म्हणून सोडून दिला. प्लांट बडी मिलर आणि पॅटी ग्रिफिनला घेऊन २०१० मध्ये ‘बँड ऑफ जॉय’ करून मोकळा झाला. क्राउसबरोबरचा दुसरा अल्बम, ‘रेझ द रूफ’, आला थेट २०२१ मध्ये, परत बर्नेटबरोबर.

आता तुमच्या गाण्याचं.

पट्टी आधी. पुरुष आणि बाई एकत्र गाताना सगळ्यात जास्त भांडणं पट्टीवरून होतात. तुम्ही काळी एक-दोनमध्ये आरामात असाल, ती काळी चार-पाचमध्ये. मधली पट्टी धरली की दोघंही अवघडतात; तो वर ताणतो, ती खाली पुटपुटते. शास्त्रीयात पंडित जसराजांनी यावर जसरंगीचा तोडगा काढला, दोघं आपापल्या षड्जात, वेगवेगळे राग. तुमच्या गाण्यात एवढं करायची गरज नाही. पट्टी तिचीच ठेवा आणि मुखडा तिला गाऊ द्या. तुम्ही तिच्या चालीखालची ओळ शोधा. बऱ्याचदा तिच्या सुराच्या खालचा सहावा स्वर तुमच्या गळ्याच्या ऐन मधोमध येतो. सापडत नसेल तर एका कडव्यापुरती चाल तुम्ही घ्या, एक सप्तक खाली, आणि तिला वर मोकळं सोडा.

मग आवाज. माझ्याकडे एकदा एका चांगल्या रॉक गायकाला अभंगाच्या नव्या रूपात ओळी म्हणायला बोलावलं होतं. माइकपासून दूर उभं राहून तो पूर्ण ताकदीनं गायचा. मिक्समध्ये खाली आणला की दूरच्या खोलीत कुणी भांडतंय असं वाटायचं, वर आणला की मूळ गायक गडप. शेवटी मी त्याच्या हेडफोनमध्ये त्याचाच आवाज बराच वाढवला आणि त्याला माइकच्या जवळ, अर्ध्या आवाजात गायला लावलं. स्वतःला मोठं ऐकू आलं की माणूस आपोआप हळू गातो. ती ओळ पहिल्याच टेकला बसली. तुमच्या रेकॉर्डिस्टला हे सांगून बघा. शक्य असेल तर दोघं एकाच वेळी, एकाच खोलीत गा. कच्च्या ध्वनिमुद्रणावर (स्क्रॅचवर) एकट्यानं डब करून हार्मनी सुरात येते, पण श्वास जुळत नाहीत. सॉफ्टवेअरनं श्वास कापून जुळवता येतात, मीही करतो, आणि ऐकणाऱ्याला काहीतरी खोटं आहे हे कळतंच.

कागदाचं थोडक्यात: श्रेय कसं छापणार, मानधन एकरकमी की रॉयल्टीत वाटा, तुमच्या बँडचं नाव जाणार का, हे गायच्या आधी लिहून घ्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गायकाला रॉयल्टीचा हक्क आहे, आणि २०१३ मध्ये ‘इसरा’ या नावानं सुरू झालेली गायकांची संस्था (आता ‘इसाम्रा’) ते काम बघते. मैत्रीत हे विचारायला लाज वाटते. गाणं चाललं की त्याहून जास्त अवघड होतं.

ऐकायचा क्रम द्यायचा तर: आधी १९७१ चं ‘एव्हरमोर’, लगेच १९९४ चं. मग मुंबईतली दोन्ही गाणी, हातावर मात्रा मोजत. त्यानंतर ‘प्लीज रीड द लेटर’ची दोन्ही रूपं, आणि दुसऱ्या रूपात क्राउसची ओळ तुम्ही गा, प्लांटची नाही. ती पूर्ण गाणंभर न चुकता, काहीही न वाढवता म्हणता आली, की त्या गायिकेला फोन करून तालमीची वेळ ठरवा.